यांना टेन्शन देऊ नका

दुधी भोपळ्याच्या हृदयाचे ठोके: मिनिटाला एकाहत्तर. मानसिक ताण: अत्यल्प.

*

सोसायटीची वार्षिक सभा शांततेत आणि एकमताने पार पडली. मला घाम फुटला.

*

ज्यांना हसायचं नाही त्यांनी मागच्या रांगेत जावं, असं सांगताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे माझ्याबद्दलच होतं.

*

मी जिवंत आहे, हे माझ्या उजव्या अंगठ्याला मान्य नव्हतं.

*

"आजोबा, तुम्हाला काही सांगायचं नाही असं ठरलंय. पण काय सांगायचं नाही ते मला कोणी सांगितलंच नाहीये."

*

या गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तेच वाटत होतं. बरेच आठवडे मला दुसरं काही वाटतच नव्हतं.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहतो. आम्ही म्हणजे मी, कुंदा, मुलगा समीर, सून श्रद्धा आणि पहिलीत जाणारी नात ओवी. मी इथल्याच सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होतो. दुसऱ्याने मेहनतीने बनवलेली वस्तू हातात घ्यायची, उजेडात धरायची आणि त्यात काय चुकलं आहे ते सांगून परत पाठवायची, हे माझं काम. सगळी नोकरी हेच केलं. निवृत्त झाल्यावर तपासायला माल येईना, तेव्हा माणसांकडे वळलो. सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. कोणी दुसरं उभंच राहिलं नव्हतं, पण निवडून येणं ते निवडून येणं.

तळमजल्यावर हरिचंद्र राहतो. आमची इमारत जिथे आहे तिथे पूर्वी त्याच्या वडिलांची भातशेती होती. त्या बदल्यात त्याला इमारतीत घरं मिळाली, पण जमीन आपली राहिली नाही हे त्याच्या जिपेला कोणी कळवलेलं नाही. ती रोज माझ्या स्कूटरच्या जागेवर आडवी उभी असते. त्यामुळे रोज सकाळी आमचं भांडण होतं. मी नियम सांगतो, तो शेताचा बांध कुठून जात होता ते दाखवतो. मग दोघेही आपापल्या कामाला लागतो.

एका सकाळी "भात कापून झाला असेल तर जीप काढा," हे वाक्य मला पुरं करता आलं नाही. "भात कापून" इथवर आलो आणि छातीत कोणीतरी पान्याने नट आवळावा तसं झालं. हरिचंद्राने मला बांधावर, म्हणजे पायरीवर, बसवलं आणि वर बघून हाक मारली, "वैनी! दादा गप झालं!"

कुंदा धावत आली. मी गप्प झालो म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

*

डॉक्टर इतका तरुण होता की मला त्याची आधी तपासणी करावीशी वाटली.

"सिगारेट?"

"नाही."

"तंबाखू? दारू?"

"नाही, नाही."

"चालणं?"

"स्कूटर आहे."

"मीठ?"

"चवीपुरतं."

कुंदा खोकली.

"चिडता का?"

"मी? मुळीच नाही."

या वेळी कुंदा खोकली नाही. ती डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या हृदयाकडे पाहत राहिली.

डॉक्टर म्हणाला, "काका, हृदयाला नुसतं तेल-तूपच त्रास देतं असं नाही. बसून राहणं, अपुरी झोप, सारखं धुसफुसणं, मनात कोंडून ठेवणं, एकटं पडणं, हे सगळंसुद्धा तिथेच जाऊन पोचतं. आजचा ईसीजी ठीक आहे. बीपी जास्त आहे. टीएमटी करून घेऊ, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून बघायचं. तोवर टेन्शन घ्यायचं नाही."

"आणि स्कूटर?"

"एकटे, सावकाश चालवा. मागे मूल वगैरे बसवू नका."

इथे माझ्या छातीत खरं दुखलं.

ओवीची शाळा रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला आहे. दुपारी मी तिला स्कूटरवरून आणतो. ती मागे बसते, माझ्या पोटाला विळखा घालते आणि शाळेत दिवसभर काय काय घडलं ते हेल्मेटच्या फटीतून माझ्या कानात ओतते. कोणी कोणाची पेन्सिल चोरली, कोणत्या बाई कोणत्या बाईंशी बोलत नाहीत. निवृत्त माणसाला कोणी अहवाल देत नाही. मला मिळत होता, तो एवढाच.

घरी समीरने निकाल दिला. "बाबा, रिपोर्ट क्लिअर येईपर्यंत ओवी स्कूटरवर नाही. विषय संपला."

"मग तिला आणणार कोण?"

"मी जाते," कुंदा आतून म्हणाली. "पूल चढून उतरून तेवढंच चालणं होईल मला."

ते लगेच ठरलं. आमच्या घरात कुंदाबद्दलच्या गोष्टी पटकन ठरतात, चर्चा लागत नाही.

मीही एक ठरवलं. ती टीएमटी पास व्हायची आणि ओवीला परत मागे बसवायचं. त्यासाठी शांत व्हायचं. माल पास करून घेण्याच्या सगळ्या खुब्या मला पलीकडच्या बाजूने माहीत होत्या.

*

शांत कसं व्हावं, यावर सल्ले देणाऱ्यांनी आमचा जिना अशांत करून टाकला. हरिचंद्राच्या बायकोने, तुळशीने, लसणीचा गड्डा आणून दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या इंदुबाईंनी डोळे मिटून बसायला सांगितलं आणि डोळे मिटल्यावर समोर बसून आपल्या जावयाची कहाणी सांगितली. कोणीतरी दुधीचा रस म्हणालं. कडू दुधी पोटात गेला तर बाधतो असं कुंदाने वाचलं होतं, म्हणून ती रोज सकाळी आधी स्वतः एक फोड चावून बघायची आणि मगच रस काढायची. रस ज्याने सुचवला त्याचा पत्ता मी अजून शोधतो आहे.

सकाळी जुन्या देवळाकडच्या बागेत हास्य क्लब भरतो. मोतीबाई तो चालवतात. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते. शिट्टी वाजली की ताक घुसळल्यासारखे हात फिरवून हसायचं. दोन वाजल्या की वाघासारखं.

मी तिथे मनापासून गेलो. पण डावीकडची रांग शिट्टीच्या आधी हसते, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. वाघाच्या हसण्यात तर कोणाचाच आवाज कोणाशी जुळत नव्हता. हे मी मोतीबाईंच्या नजरेला आणून दिलं.

"शरदभाऊ," त्या म्हणाल्या, "इथे लोक हसायला येतात. तपासायला नाही."

"पण नीट तरी हसावं ना!"

मग मागच्या रांगेची घोषणा झाली. मागच्या रांगेत मी एकटा होतो आणि एक कुत्रा. तो शिट्टीवर बरोबर भुंकत होता.

*

(इथे थोडं विषयांतर. विषयांतराने रक्तदाब उतरतो असं कोणी म्हटलेलं नाही, पण बाकीचं सगळं करून झालं होतं.)

उल्हासनगरला झामनदास नावाचे माझे जुने ओळखीचे दुकानदार आहेत. त्यांच्याकडे जगातली कोणतीही वस्तू मिळते आणि ती जगातल्या कोणत्याही कंपनीची असू शकते. त्यांनी मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"साईं, ये घडी दिल की पूरी खबर देती है. ठोका, नींद, टेन्शन, सब."

"गॅरंटी?"

"गॅरंटी मांगोगे तो टेन्शन बढेगा. फिर घडी में वही दिखेगा, और बोलोगे झामनदास ने खराब माल दिया."

या युक्तिवादात काहीतरी चूक होती, पण ती सापडेपर्यंत घड्याळ माझ्या हातात बांधून झालं होतं.

घड्याळाचा स्वभाव माझ्यासारखाच निघाला. जरा काही झालं की ते थरथरायचं आणि पडद्यावर 'श्वास घ्या' असं यायचं. मी श्वास घेतच होतो. घेत असलेल्या माणसाला घ्या म्हटलं की राग येतो. राग आला की ते पुन्हा थरथरायचं. एका दुपारी आम्ही दोघे असे बराच वेळ एकमेकांवर थरथरत बसलो.

शेवटी मी तपासणी विभागाच्या पद्धतीने गेलो. मोजण्याचं साधन बरोबर आहे का, हे आधी बघायचं. ओट्यावर दुसऱ्या दिवशीचा दुधी पडला होता. घड्याळ त्याला बांधलं. थोडा विचार करून त्याने सांगितलं: एकाहत्तर. ताण अत्यल्प.

मी दुधीकडे बघत राहिलो. मीठ नाही, व्यसन नाही, सोसायटी नाही. पण चालणं त्यालाही नव्हतं.

तेवढ्यात कुंदा ओवीला घेऊन आली. मी घड्याळ तिच्या हातात बांधलं. आकडा माझ्या दीडपट आला आणि घड्याळ थांबेचना, थरथर थरथर. हे तर उघडच खोटं होतं. एकीकडे भोपळा जिवंत दाखवतंय आणि दुसरीकडे कुंदाला टेन्शन. मी घड्याळ नापास करून कपाटात टाकलं. कुंदा म्हणाली, "बरं केलंत," आणि पाणी पिऊन भाकऱ्या थापायला गेली.

*

टीएमटी फुकट होण्यासाठी आमच्या निवृत्तांच्या योजनेचं पत्र लागतं. ते देणाऱ्या कार्यालयात मी कुंदाला घेऊन गेलो. म्हणजे तिनेच मला नेलं. खिडकीतल्या माणसाने संगणकात पाहिलं.

"तुम्ही हयात दिसत नाही."

"मी समोर दिसतोय."

"समोर दिसून चालत नाही, साहेब. दाखला लागतो. अंगठा ठेवा."

अंगठा ठेवला. यंत्राने नाही म्हटलं. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, रांगेतल्या एका आजोबांनी दिलेलं मलम लावून ठेवला. सगळा जन्म लोखंड चाचपण्यात गेला, अंगठ्यावरच्या रेषा लोखंडाने ठेवून घेतल्या होत्या.

"म्हणजे हृदय तपासायचं तर मी जिवंत आहे हे आधी सिद्ध करू?" माझा आवाज चढला. "आणि जिवंत आहे हे सिद्ध झालं तर तपासायचं कशाला?"

तेव्हा कुंदा पुढे झाली, खिडकीत वाकली आणि हळूच काहीतरी बोलली. त्या माणसाचा चेहरा पालटला.

"अहो, बसा ना साहेब! पाणी घेणार? डोळ्यांवरून करू आपण. डोळे मोठे करा. एवढे रागावलेले नकोत. हां."

मी हयात ठरलो. पण माझं लक्ष दाखल्याकडे नव्हतं. सरकारी खिडकीतून पाण्याचा पेला बाहेर आला होता. असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

गोंधळाला खरी सुरुवात इथून झाली.

*

दुसऱ्या दिवशी खाली उतरलो तर माझी जागा रिकामी. जीप पार कोपऱ्यात, भिंतीला अंग चोरून उभी.

"हरिचंद्र, जीप कुठे?"

"तुमची जागा हाय ती दादा. मीच चुकलो. च्या घेता?"

मी चहा घेतला. चव कळली नाही.

मग सगळीकडे तेच. भाजीवाल्याला मी अर्धा भाव सांगितला, तो "घ्या" म्हणाला. पेपराला खिडक्या पडल्या होत्या. कुंदा सकाळी कात्री घेऊन बसायची आणि माझ्यापर्यंत राशिभविष्य आणि हवामान तेवढं पोचायचं. समीर माझ्या प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे बाबा" म्हणू लागला. मी मुद्दाम परस्परविरुद्ध दोन वाक्यं बोलून पाहिली. दोन्ही बरोबर निघाली. मी खोलीत गेलो की बोलणं बंद व्हायचं आणि श्रद्धा भलत्याच उत्साहाने "आज ऊन आहे, नाही?" असं विचारायची.

बदलापूरला माझा कारखान्यातला मित्र हेमचंद्र राहतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. आम्ही तासभर कारखाना कसा चालवायला हवा यावर बोलतो, जरी तो आता आम्हाला चालवायचा नाही. तो फोन बंद झाला.

"त्यांचा फोन बिघडलाय," कुंदा म्हणाली.

"मग मी करतो."

"बिघडलेल्यावर कसा कराल?"

रविवार गेला, पुढचाही गेला. मागच्या वेळी मी त्याला म्हणालो होतो की त्याच्या विभागाची वेल्डिंग कधीच सरळ नव्हती. त्याचा राग धरला असेल, असं वाटलं. एवढ्या वर्षांची मैत्री वेल्डिंगच्या एका शिवणीवरून तुटते का? त्या रविवारी मी फोन हातात घेऊन खिडकीत बसलो आणि उठून करण्याइतका कमीपणा काही घेऊ शकलो नाही.

*

मग वार्षिक सभा. तिची नोंद जशीच्या तशी देतो.

विषय पहिला, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती. सेक्रेटरींनी मांडला. मंजूर.

विषय दुसरा, वाहनांच्या जागा. हरिचंद्र उभे राहिले. सेक्रेटरींनी बाह्या सरसावल्या. हरिचंद्र म्हणाले, "दादा बोलतील त्या मान्य." बसले.

विषय तिसरा, गच्चीवर वाळवणं घालण्यास बंदी. इंदुबाई, ज्यांची वाळवणं आहेत, म्हणाल्या, "घालाच बंदी."

आयत्या वेळचे विषय: सेक्रेटरींनी विचारलं, "तुम्हा सगळ्यांना झालंय काय?" कोणीतरी त्यांच्या कामाचं कौतुक करण्याचा ठराव मांडला. टाळ्या.

टाळ्या वाजत असताना मला सगळं कळलं. माणूस जिवंत असताना त्याच्याबद्दल इतकं चांगलं बोलत नाहीत. मी जाणार होतो. तारीखही त्यांना माहीत असावी. फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

घरी येऊन मी ओवीला बाल्कनीत गाठलं. तिने जे सांगितलं ते तुम्ही वर वाचलंच आहे.

"कोणी ठरवलं?"

"आजीने. आणि आजोबा, आजी पुलावर रोज माझं दप्तर मलाच देते. तुम्ही कधी द्यायचा नाहीत."

"बघ," मी म्हणालो. लहान मुलांनाही आपली कदर कळते, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

*

सकाळी मी स्वतःहून हरिचंद्राच्या दारात गेलो.

"जीप लाव माझ्या जागेवर."

"नाय दादा."

"लाव म्हणतो ना! आडवी लाव. बांध कुठून जायचा ते दाखव."

"बांध कनचा दादा, कवाच गेला तो."

"हरिचंद्र," मी म्हणालो, "भांड रे माझ्याशी. एकदाच. मला किती दिवस उरलेत ते सांगू नको, पण भांड."

तुळशी आतून हात पुसत बाहेर आली. हरिचंद्राने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मना पन गमत नाय दादा सकालचा. भांडान नाय तर च्या गोड लागत नाय. पन वैनीनी शपत घातलीय. अख्ख्या बिल्डिंगला. यांना टेन्शन देऊ नका बोलल्या. भाजीवाल्याला पन बोलल्या. वरचं पैसं त्या देतात त्याला."

मी वर गेलो. कुंदा दुधीची फोड चावत होती.

"मला सगळं कळलंय," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. "काय कळलं?"

इथे पंचाईत झाली, कारण मला काहीच कळलं नव्हतं.

"जे आहे ते."

"उद्या तुमची टीएमटी आहे ना? होऊ दे ती. मग सांगते." आणि तिने रसाचं भांडं माझ्या हातात दिलं.

*

टीएमटीच्या खोलीत माझ्या छातीला तारा चिकटवल्या आणि पट्ट्यावर उभं केलं. पट्टा सुरू झाला. तो किंचित डावीकडे ओढत होता.

"हा डावीकडे जातोय," मी म्हणालो.

"काका, बोलू नका. चाला."

चढ वाढला. मी चाललो. डोक्यात एकच: पलीकडे शाळेचं फाटक आहे, ओवी दप्तर घेऊन उभी आहे, हेल्मेटची फट उघडी ठेवायची. तारा लावलेला, घामाघूम, निवृत्त माणूस एका जागी उभा राहून पश्चिमेकडे चालला होता.

डॉक्टरने कागदाची लांब पट्टी वाचली. "छान आहे की. बीपीची गोळी घ्या, मीठ कमी, रोज चालणं. नापास काही नाही."

"आणि भांडण?"

"रोजचं असेल तर फार ताणू नका."

"आणि नात?"

"बसवा मागे."

मी शर्टाची बटणं वरखाली लावून बाहेर धावलो. कुंदा बाकावर बसली होती. खोली गार होती आणि तिची मान घामाने ओली होती. हात जबड्यावर.

"पास!" मी म्हणालो.

"देव पावला," ती म्हणाली. "मला जरा दाढ दुखतेय. पाठीतही. घरी जाऊन वेखंड लावते."

माझ्या मागून डॉक्टर आला होता. तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"काकू, तुमचं बीपी कधी बघितलंय?"

"माझं? मला काय झालंय?"

त्याने तिच्या दंडाला पट्टा बांधला. मोजलं. दुसऱ्या हाताला बांधून मोजलं. तिला आत नेलं, मला चिकटवल्या होत्या तशाच तारा चिकटवल्या. मग मला विचारलेलेच प्रश्न.

"झोप?"

"हे घोरतात. पण आता तो आवाज थांबला तरच जाग येते."

"जेवण वेळेवर?"

"सगळ्यांचं झालं की."

"टेन्शन?"

कुंदा हसली. "मला कसलं टेन्शन? टेन्शन यांना आहे."

तिला घरी सोडलं नाही. तिथेच भरती केलं. एक रक्तवाहिनी अरुंद झाली असावी, उद्या सकाळी बघू, वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाला. वेळेवर आम्ही माझ्यासाठी आलो होतो.

*

कॉटवर टेकून, नाकाशी नळी, डोक्यावर हिरवे आकडे, अशा अवस्थेत कुंदाने मला जवळ बोलावलं.

"समीरला सांगू नका हं. ऑफिसात असेल. उगाच टेन्शन येईल त्याला."

आणि मी ओरडलो. इतके दिवस साठवलेला, पेपर कापून, जीप हलवून, सभेत एकमताने दाबलेला सगळा आवाज एकदम बाहेर आला. "सांगणार! समीरला सांगणार, श्रद्धाला सांगणार, हरिचंद्राला खालून ओरडून सांगणार! आणि तूही सांग. काय काय लपवलंस ते आत्ता सांग!"

नर्स धावत आली. "आजोबा, पेशंटला टेन्शन देऊ नका!"

"हेच!" मी म्हणालो. "हेच वाक्य आमच्या घरात यापुढे चालणार नाही!"

नर्सने मला स्टुलावर बसवलं. मी समीरला फोन लावला. तो निघाला. मग कुंदा छताकडे बघत हळूहळू सांगू लागली.

सोसायटीचा पंप जळला. सेक्रेटरीला न कळवता तिने मेकॅनिक बोलावून, समोर उभं राहून दुरुस्त करून घेतला. जीप मागे घेताना हरिचंद्राने माझ्या स्कूटरचा आरसा फोडला, म्हणून तो इतका गोड. तिने नवा बसवून त्यावर जुनी धूळ लावली. श्रद्धाच्या आईचं पडणं. ओवीचा गणितातला भोपळा. प्रत्येक गोष्टीला मी "काय!" म्हणून उठत होतो आणि नर्स मला परत बसवत होती.

"आणि हेमचंद्रभाऊजी," ती म्हणाली.

"त्याचं काय?"

"तुमचं दुखलं त्याच आठवड्यात त्यांना ॲटॅक आला. बायपास झाली. आता बरे आहेत, घरी चालतात. मी दोनदा जाऊन आले बदलापूरला, भजनाला जाते सांगून."

"आणि मला नाही सांगितलंस!"

"तुम्हाला कसं सांगणार? त्यांना तरी कुठे तुमचं सांगितलंय. त्यांच्या विठावहिनींनी आणि मी मिळून ठरवलं. त्यांना वाटतंय तुम्ही वेल्डिंगवरून रुसलात."

म्हणजे बदलापूरला एक म्हातारा आणि अंबरनाथला एक म्हातारा, प्रत्येक रविवारी फोन हातात घेऊन खिडकीत बसत होते, आणि दोन बायका मधल्या गाडीने ये-जा करून त्यांना एकमेकांपासून वाचवत होत्या.

मला खूप राग आला. पण मला आकडे वाचायची सवय आहे. मी कुंदाच्या डोक्यावर पाहिलं. ती बोलायला लागल्यापासून हिरवा आकडा हळूहळू खाली येत होता. औषधाने असेल. मी डॉक्टर नाही. पण बंद भांड्यातला दाब नाहीसा होत नसतो, एका भांड्यातून काढला की दुसऱ्यात जातो, एवढं कारखान्यात शिकलो आहे. माझ्यातून काढून सगळ्यांनी तो कुठे भरला होता, हे त्या खोलीत फक्त त्या आकड्याने सांगितलं.

"अजून काही राहिलंय?" मी विचारलं.

तिने विचार केला. "दुधी मला आवडत नाही," ती म्हणाली.

*

कुंदाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. ती घरी आली आहे. सकाळी आम्ही दोघे चालायला जातो. ती पुढे, मी मागे. भाकऱ्या समीर थापतो. त्यांचा आकार मी तपासत नाही. हेमचंद्राला मी फोन केला. उचलताच तो म्हणाला, "वेल्डिंग सरळच होती."

जीप परत आडवी लागते. हरिचंद्र म्हणतो बांध इथूनच जायचा. वर गॅलरीत कुंदा उभी राहून सगळं ऐकते आणि हवं तिथे त्याची बाजू घेते.

काल दुपारी शाळेच्या फाटकाशी ओवी स्कूटरवर चढली, विळखा घातला आणि हेल्मेटच्या फटीशी आली.

"आजोबा, हृदय मग कोणाचं बिघडलं होतं?"

"आजीचं."

पुलाखालून गाडी गेली.

"आजीला सांगितलंय?"

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि पेन्सिल कोणी चोरली ते सांगायला लागली.

*

मला छातीत दुखलं म्हणून पहिल्यांदा त्या डॉक्टरकडे गेलो, त्या दिवशी दवाखान्याच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. जिन्यात कुंदा दोनदा थांबली होती.